मुद्दा क्रमांक चार

चर्चा आणि वाद चालणाऱ्या एका मराठी संकेतस्थळावर मी सहा वर्षं पुरुष म्हणून वावरले. तसं काही ठरवलेलं नव्हतं. टोपणनाव घेताना सुचलं ते घेतलं, त्यावरून बाई की पुरुष ते कळत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी लिहिलं, "साहेब, मुद्देसूद लिहिलंत." मी ती चूक दुरुस्त केली नाही. खरं सांगायचं तर दोन दिवस तो प्रतिसाद पुन्हा पुन्हा उघडून वाचत होते.

मराठीत असं लपून राहणं सोपं नाही. 'मी गेले' म्हटलं की बाई, 'मी गेलो' म्हटलं की पुरुष. खोटं लिहायचं नव्हतं आणि खरंही सांगायचं नव्हतं, म्हणून मी वाक्यं फिरवायला शिकले. 'असं दिसतं', 'असं म्हणता येईल', 'यावर आक्षेप असा'. त्यामुळे माझं लिहिणं एखाद्या वकिलाच्या नोटिशीसारखं दिसायला लागलं आणि लोक आणखीच मान देऊ लागले.

मी नंदुरबारच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात माहिती तंत्रज्ञान शिकवते. माहेर रनाळ्याचं, घरची शेती, बोली अहिराणी. लग्नानंतर शहरात आले. घरी संध्याकाळी सासरे, दीर आणि त्यांचे मित्र पुढच्या खोलीत बसत. बाजार समितीचा नवा नियम, मोबाईलवरून होणारी फसवणूक, कुठला कायदा आला, कुठला गेला, सगळ्यावर बोलणं चाले. एकदा डेटा संरक्षणाच्या कायद्यावर ते अगदी उलटंच बोलत होते. मी चहाचे कप उचलता उचलता म्हटलं, "तसं नाहीये ते." सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसून म्हणाले, "तुले काय समजस त्यामा? अजून एकेक कप ठेव." माणूस वाईट नव्हता. माझ्या नोकरीच्या पाठीशी तेच उभे राहिले होते. पण ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही.

संकेतस्थळावर मात्र माझ्या वाक्यांची लोक वाट पाहायचे. तास संपला की मी संगणक प्रयोगशाळेतल्या शेवटच्या यंत्रावर बसायची. रेशनच्या अंगठ्याचं यंत्र, ऑनलाइन व्यापार, माहितीचा अधिकार, चर्चेच्या सगळ्या धाग्यांवर मी असायची. मुद्द्यांना क्रमांक द्यायची. समोरच्याच्या प्रतिसादातलं एखादं वाक्य उचलायचं, त्याखाली त्याचीच चूक ठेवायची. कुणी चिडलं की समजायचं, आपण जिंकलो.

मग शिक्षकांच्या हजेरीचं ॲप आलं. शाळेच्या आवारात उभं राहून फोटो काढायचा, जागेची नोंद आपोआप होणार, वरच्या कार्यालयात दिसणार. मी धागा काढला आणि त्याला नाव दिलं, 'सबबींचा शेवट'. डोंगराळ भागातले शिक्षक शाळेत जात नाहीत हे आमच्याकडे लहानपणापासून ऐकलेलं. मी लिहिलं की तंत्रज्ञानाला जात-गोत नसतं, ते फक्त हजर की गैरहजर एवढंच सांगतं, आणि 'नेटवर्क नाही' हे आता आळसाचं नवं नाव आहे. खाली भराभर 'सहमत' आणि '+१' येऊ लागले.

पाचव्या दिवशी एक वेगळा प्रतिसाद आला. लिहिणाऱ्याने टोपणनाव म्हणून एका झाडाचं नाव घेतलं होतं. त्याने लिहिलं होतं: "भाऊ, मी धडगावच्या पुढच्या डोंगरातला एकशिक्षकी शाळेचा शिक्षक आहे. तुमचा लेख आवडला. पण मी शाळेत उभा राहिलो तर नेट नाही, आणि नेट मिळालं तर मी शाळेत नाही. ॲप मला रोज गैरहजर दाखवते."

आज वाटतं, माझ्या सगळ्या लेखाला एवढं उत्तर पुरेसं होतं. तेव्हा मी लिहिलं, "वाक्य छान आहे. पुरावा द्या."

उत्तर आठवड्याने आलं. लांबलचक होतं. टेकडी किती लांब आहे, पोरांना वर्गात सोडून तिथे जायला किती वेळ लागतो, असं बरंच काही. मुद्द्यांना क्रमांक नव्हते. मध्येच एका मुलीबद्दल लिहिलं होतं, ती आता गोष्ट वाचायला शिकली आहे आणि बकऱ्यांनाही वाचून दाखवते. मी त्यातलं काहीच घेतलं नाही. मी लिहिलं, "आठवडा? गृहपाठ कुणाकडून तपासून घेतलात?" खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली.

त्यांच्या लिखाणात चुका असायच्या. एकदा त्यांनी लिहिलं, "त्या दिवशी शाळा बंद होता." मी लगेच पकडलं: "शाळा 'होती' असते, गुरुजी. आधी लिंग-वचन, मग शासनाचं धोरण." स्वतःचं लिंग सहा वर्षं वाक्यांआड दडवणारी मी, दुसऱ्याला लिंग-वचन शिकवत होते.

याहून लाजिरवाणी गोष्ट वेगळीच आहे. शिकायला पुण्याला गेले तेव्हा वसतिगृहात पहिल्या दिवशी मी खोलीतल्या मुलीला सहज विचारलं होतं, "कथा चालनी?" कुठे निघालीस, एवढंच. ती आणि तिच्या मैत्रिणी वर्षभर मला त्या दोन शब्दांनी हाक मारत होत्या. मी आरशासमोर उभी राहून 'आहे' म्हणायची सवय केली, 'शे' तोंडातून जाईपर्यंत. हे सगळं विसरले नव्हते. तरी ते वाक्य लिहिताना माझा हात अडखळला नाही.

गुरुजींचं उत्तर आलं, तेही आठवड्यानेच. "बरोबर आहे भाऊ. मराठी माझी दुसरी भाषा आहे. घरी आम्ही पावरी बोलतो. माझ्या पोरांची पण तीच. म्हणून तर मी वर्गात पाहिजे, टेकडीवर नको." एका सभासदाने खाली लिहिलं, "याला उत्तर नाही, साहेब." तिथेच मी थांबायला हवं होतं. पण 'उत्तर नाही' हेच मला सहन झालं नाही.

मी पुन्हा पुरावा मागितला. या वेळी त्यांनी दिला. एका कार्यालयीन पत्राचा फोटो होता. नेटवर्क उपलब्ध असलेल्या गावांची यादी, त्यात त्यांच्या गावाच्या नावाखाली पेनाने रेघ. "हे पाहा भाऊ. कागदावर आमच्याकडे नेट आहे."

माझं म्हणणं त्या एका कागदाने पडलं होतं. ते मला कळलंही होतं. मी प्रयोगशाळेत एकटी होते, पंखा फिरत होता. मग मी चार मुद्दे लिहिले. पहिले तीन यादी जुनी असू शकते, अपवादावरून नियम ठरत नाही, असे नेहमीचे होते. चौथा असा: "कार्यालयीन पत्र असं जाहीर टाकणं आणि सेवेत असताना शासनाच्या धोरणावर टीका करणं हा वर्तणूक नियमांचा भंग आहे. संबंधितांनी नोंद घ्यावी."

'संबंधित' म्हणजे कोण, हे माझ्या मनात नव्हतं. शेवट जोरदार वाटावा म्हणून ते वाक्य टाकलं.

त्यानंतर गुरुजी आले नाहीत. एक आठवडा, दोन आठवडे. तो फोटोही त्यांनी काढून टाकला. कुणीतरी लिहिलं, "मैदान सोडलं. जिंकलात, साहेब." मी त्यावर काही लिहिलं नाही, पण त्या संध्याकाळी भाजीला फोडणी देताना मी गुणगुणत होते. नवऱ्याने विचारलं, "आज खुशीत?" मी म्हटलं, "कॉलेजमधलं काहीतरी."

पुढच्या वर्षी बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेसाठी मला बाहेरची परीक्षक म्हणून धडगावच्याही पुढच्या एका निवासी शाळेत पाठवलं. शहाद्याहून काळीपिवळी जीप मिळाली. ड्रायव्हरने "मॅडमला पुढे बसू द्या" म्हणून एकाला मागे पाठवलं. घाटातल्या कुठल्याशा वळणानंतर फोनवरच्या रेघा एकेक करून गेल्या. माझ्या मांडीवर टोपली टेकवून बसलेली म्हातारी फोनकडे बघून तिच्या भाषेत काहीतरी बोलली आणि सगळी जीप हसली. शेजारच्याने मराठीत सांगितलं, "ती म्हणते, आता डोंगर बघा."

परीक्षा दुपारी संपली. गुण त्याच दिवशी ऑनलाइन भरायचे होते. मी अर्धा तास शाळेच्या आवारात फोन घेऊन फिरले, गच्चीवर गेले, पाण्याच्या टाकीवरही चढून पाहिलं. तिथल्या एक शिक्षिका माझी धडपड बघत होत्या. वयाने माझ्याएवढ्याच. शेवटी म्हणाल्या, "मॅडम, चपला चांगल्या आहेत ना? चला टेकडीवर."

चढायला आम्हाला पाऊण तास लागला. वर सपाट जागा होती, एक मोठा दगड होता आणि माणसं होती. रेशन दुकानदार अंगठ्याचं यंत्र छातीशी धरून उभा होता, त्याच्यामागे कार्डं घेऊन सात-आठ बाया. अंगणवाडीच्या ताई हात उंच करून फोटो पाठवत होत्या. कुणी ओरडलं, "आलं, आलं," की सगळे आपापल्या फोनवर वाकत. माझे गुण दुसऱ्या प्रयत्नात गेले. घामाने ब्लाउज पाठीला चिकटला होता आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. त्या गुरुजींनी हे सगळं लिहिलं होतं. अगदी असंच, दगडासकट लिहिलं होतं.

उतरताना मी विचारलं, "इकडे एक गुरुजी होते का? इंटरनेटवर लिहायचे, हजेरीच्या ॲपबद्दल."

त्या थांबल्या. "तुम्हाला कसं माहीत?"

"वाचलं होतं."

"पलीकडच्या गावचे. रविवारी याच टेकडीवर यायचे, तीन तास चालून. लिहून आणलेलं असायचं वहीत. मला म्हणायचे, बाई, यातलं मराठी बघा जरा, तिकडे एक भाऊ आहेत, ते चुका काढतात." त्या हसल्या. मग गंभीर झाल्या. "त्यावरूनच नोटीस आली त्यांना. कुणीतरी त्या पानाचा फोटो वर पाठवला. मग चौकशी, खुलासा, आणि बदली. आता मणिबेलीकडे नदीकाठी आहेत. बोटीने जावं लागतं. महिन्यातून एकदा धडगावच्या बाजाराला येतात, पगाराच्या आठवड्यात."

मी पुढचा सगळा उतार खाली बघत उतरले.

पुढच्या महिन्यात मी बाजाराच्या दिवशी धडगावला गेले. घरी सांगितलं, परीक्षेचं काम राहिलंय. त्या शिक्षिकेने गुरुजींना निरोप दिला होता की नंदुरबारच्या एक मॅडम भेटायला येताहेत, तुमचं लिखाण वाचतात. ते चहाच्या टपरीजवळ उभे होते. चाळिशीचे, बारीक, चौकटीचा शर्ट, हातात पिशवी. पिशवीत पाटीवरच्या पेन्सिली आणि मीठ होतं. मला बघून त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि नमस्कार केला.

"मॅडम, तुम्ही एवढ्या लांब आल्या?"

मी जाताना जीपमध्ये वाक्य तयार केलं होतं. 'मीच तो भाऊ.' तीनच शब्द. ते न बोलता मी त्यांना प्रश्न विचारू लागले. शाळा कशी आहे, बोट रोज मिळते का, पोरं किती येतात. ते मोकळेपणाने सांगत होते. नवी शाळा चांगली आहे, पोरं चांगली आहेत, फक्त पाणी वाढलं की रस्ता राहत नाही.

"आणि जुनी शाळा?"

"तिथे अजून कोणी आलं नाही. आठवड्यातून दोन दिवस शेजारच्या गावचे सर येतात. माझी पोरगी त्याच वर्गात होती." ते चहाच्या ग्लासकडे बघत म्हणाले. "वाचायला लागली होती."

बकऱ्यांना गोष्ट वाचून दाखवणारी मुलगी त्यांचीच होती. मी तेव्हा ते वाक्य ओलांडून पुढे गेले होते, कारण त्यात मुद्दा नव्हता.

"नोटिशीला तुम्ही उत्तर दिलं होतं ना?" मी विचारलं.

"दिलं की! अगदी भाऊंसारखं दिलं. मी त्यांचे प्रतिसाद वहीत उतरवून ठेवायचो, कसं लिहायचं ते शिकायला. खुलाशात तसंच लिहिलं. एक, दोन, तीन, चार."

"मग?"

"खुलासा समाधानकारक नाही म्हणाले." ते हसले. "पण चौकशीचे साहेब बोलले, गुरुजी, मराठी सुधारली तुमची."

मला हसता आलं नाही. माझ्यातल्या वाद घालणारीने मात्र तेव्हाही तोंड उघडलं. मी म्हणाले, "एक तर त्यांनी तुमची बाजू ऐकायला हवी होती. दुसरं म्हणजे, ती यादीच चुकीची होती. तिसरं…" आणि गप्प झाले.

गुरुजी माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी सावकाश विचारलं, "मॅडम, तुम्ही तिथे वाचता, तर त्या भाऊंना ओळखता का?"

बाजारात मोहाची फुलं विकायला बसलेल्या बाया मोठमोठ्याने बोलत होत्या. एक जीप हॉर्न वाजवत गर्दीतून वाट काढत होती. उत्तर द्यायला मला भरपूर वेळ मिळाला.

"नाही," मी म्हटलं.

"बरं," ते म्हणाले. त्यांनी चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत. "आमच्या गावाला आल्यात, आमचा पाहुणचार," म्हणून स्वतःच दिले, पिशवी उचलली आणि गर्दीत गेले.

परत आल्यावर दोन-तीन आठवडे मी धड झोपले नाही की वर्गात धड शिकवलं नाही. मग एके दुपारी संकेतस्थळावर नवा धागा काढला. त्यात सगळं लिहिलं. मी बाई आहे, गुरुजी खरं बोलत होते, टेकडी मी पाहिली, आणि माझ्या चौथ्या मुद्द्याने एका शाळेचा शिक्षक गेला. मला वाटलं होतं लोक थोडा वेळ तरी गप्प बसतील. दहाव्या मिनिटाला पहिला प्रतिसाद आला, "नियम तो नियम, तुम्ही काही चुकीचं लिहिलं नव्हतं." दुसरा म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं फसवलंत?" तिसऱ्याने बाई म्हटल्यावर सहानुभूती मिळते, असा वेगळाच विषय काढला. मग नेटवर्क कंपन्या, मग शिक्षकांचे पगार, मग कुणाच्या काळात जास्त टॉवर उभे राहिले. आठवडाभर ते चाललं. गुरुजींची शाळा कुठल्या गावात आहे, हे त्यातल्या एकानेही विचारलं नाही. मी त्यांना दोष देत नाही. त्या जागी मी असते तर मीही पहिल्या दहा मिनिटांत मुद्दे काढले असते.

नवऱ्याने तो धागा वाचला. कुणीतरी त्याला पाठवला असावा. रात्रीचं जेवण झाल्यावर एवढंच म्हणाला, "इतकं सगळं तू लिहायची? मला कधी बोलली नाहीस." मी म्हटलं, "तुम्ही कधी विचारलं नाही." तेही मी जिंकण्यासाठी बोलले, आणि तो उठून गेला.

शेवटी मी गुरुजींना पत्र लिहिलं, पोस्टाने, साध्या कागदावर. मुद्दे नाहीत, क्रमांक नाहीत. बाजारात मी खोटं बोलले, हेही लिहिलं. उत्तर यायला दीड महिना लागला. अक्षर टपोरं होतं, शाळेच्या फळ्यावर असतं तसं.

"मॅडम, नमस्कार. पत्र मिळालं. त्या दिवशी मला वाटलंच होतं. तुम्ही एक तर, दुसरं म्हणजे, असं बोलत होतात. म्हणून तर मी विचारलं, भाऊंना ओळखता का. तुम्ही हो म्हणाल्या असत्यात तर मी तुम्हाला घरी जेवायला नेणार होतो. बायको भाकरी करून बसली होती. तुम्ही नाही म्हणालात, मग मी काय बोलणार. नोटिशीचं मला एवढं वाईट नाही वाटलं. ती कागदाची होती. मी ठीक आहे. इथली पोरं पोहण्यात चांगली आहेत."

पत्रात 'माफ केलं' असं नव्हतं आणि 'नाही केलं' असंही नव्हतं. व्याकरणाची एकही चूक नव्हती.

गुरुजींच्या जुन्या शाळेला पुढच्या जूनमध्ये शिक्षक मिळाला, असं त्या शिक्षिकेने फोनवर सांगितलं. अर्थात टेकडीवरून. त्यात माझा काही हात नव्हता. मी दोन अर्ज केले होते, त्यांचं पुढे काय झालं कुणास ठाऊक. गुरुजी नदीकाठीच आहेत. हजेरीचं ॲपही आहे.

मी आता त्या संकेतस्थळावर लिहीत नाही. वाचते अधूनमधून, आणि बोटं शिवशिवतात, हे कबूल करते. घरी पुढच्या खोलीत अजून बैठक भरते. सासरे थकलेत, त्यांना कमी ऐकू येतं. परवा त्यांनीच विचारलं, "हाऊ नवा कायदा काय शे? सांग बरं." मी त्यांच्या कानाशी बसून सांगितलं. त्यांना पटलं नाही, आणि मी ते तसंच राहू दिलं.

गुरुजींच्या पत्राला उत्तर द्यायला मी तीनदा बसले आहे. तिन्ही वेळा पहिलंच वाक्य 'पण'ने सुरू झालं, आणि मी कागद फाडून टाकला.